कावळ्याचं पान
उडदाचे वडे तळायचा वास आला, की मला कॅलिफोर्नियातला तो गार किनारा आठवतो. दोन हजार चार साल, बाबा गेल्यानंतरचा पहिला पितृपक्ष. राबून मला घरातली पहिली ग्रॅज्युएट करणाऱ्या बाबांसाठी, माझ्याकडे राहायला आलेली आई कावळ्याचं पान घेऊन किनाऱ्यावर आली होती. तिथं गावातले लोक वाळूवर दोरी बांधून चिमुकल्या समुद्रपक्ष्यांची पिल्लं राखत होते. पहाऱ्यावरची गोरी आजी धावत आली, “प्लीज, इथे अन्न नको! कावळे जमतात आणि पिल्लं खातात.” मी आईला ते सांगितलं आणि पुटपुटले, “पण मग बाबा उपाशी राहतील गं.” आईनं पान झाकलं. “तुझे बाबा कधी लेकरांच्या आधी जेवलेत का?” मग दुपारभर ती त्या आजीशेजारी उभी राहून पदरानं कावळे हाकलत होती. आजही पान ठेवण्याआधी मी आसपास कुणाचं घरटं नाही ना, ते बघते.