करंजाच्या पानांवरच्या गाठी

आकारामतात्यांनी बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, बहुतेक चंदगडच्या रस्त्यावर. सारा जन्म माणसांच्या रेटारेटीत गेला आणि आता कोल्हापुरातल्या चार खोल्यांत बोलायला कोणी नाही. पत्नी तानाबाई जाऊन तीन वर्षं झाली. तिनं माहेरून शेंग आणून लावलेला करंज तेवढा दारात उभा होता.

यंदा पाऊस सरल्यावर त्याच्या पानांवर गाठी उठल्या, पानाला देवी आल्यासारख्या. शेजारच्या वर्षाराणीनं कुंपणावरूनच आवाज दिला, "तात्या, झाडाला रोग आलाय. आमच्या आंब्यावर आला म्हंजे? तोडून टाका की!"

तात्या घाबरले. दुसऱ्या दिवसापासून स्टुलावर चढून गाठीचं एकेक पान खुडायला लागले. येणारा-जाणारा थांबून विचारी, "तात्या, काय करतायसा?" तात्या सगळं सांगत. त्या महिन्यात जेवढं बोलणं झालं, तेवढं तीन वर्षांत झालं नव्हतं.

पण करंज उघडा पडला. वर्षाराणी म्हणाली, "बघा, वाळाय लागलं. रविवारी तोडायला माणूस बोलावते."

तेव्हा तात्या एक पान वहीत घालून गल्लीच्या टोकाला स्नेहलबाईंकडे गेले. त्या शेती कॉलेजात शिकवत. त्यांनी गाठ चिरून भिंगाखाली धरली.

"डोळ्याला दिसत नाहीत असले बारीक कोळी आहेत, तात्या. करंज सोडून कुठं जात नाहीत. झाड यानं मरत नाही. पानं खुडून तुम्हीच त्याला दमवलंय."

"एका गाठीत किती असतील?"

"शेकडो."

"म्हंजे उभ्यानंबी जागा न्हाय," तात्या म्हणाले. बाई हसल्या, आणि तात्यांना उगाच बरं वाटलं.

वर्षाराणीनं ऐकून घेतलं. "मग फुकट टक्कल केलंसा की त्याचं!" म्हणाली. रविवारी कोणी आलं नाही.

झाड वाचलं. पण आता खुडायचं कारण उरलं नाही, आणि लोकांना थांबायचंही.

चैत्रात तांबूस पालवी फुटली. ती हिरवी होते न होते तोच तिच्यावरही गाठी आल्या. तात्यांचा हात सवयीनं वर गेला आणि थांबला. पान न तोडता त्यांनी एक गाठ बोटानं हळूच चाचपली. आत एवढी गर्दी. आवाज मात्र कसलाच येत नव्हता.