तिसऱ्या सिलिंडरचा आवाज

आमच्या गॅरेजात एक पत्र्याचा डबा आहे. जळके प्लग, झिजलेले नट, तुटक्या क्लिपा बाबा त्यात टाकतात. फेकत काहीच नाहीत. किस्सेही असेच साठत जातात. मी दहावीत आहे. शाळा सुटली की गॅरेजातल्या बाकावर अभ्यासाला बसते. फारशी बोलत नाही, म्हणून मी तिथे आहे हे लोक विसरतात आणि सगळं माझ्यासमोरच बोलतात.

गॅरेज बोर्ली पंचतनला, बाजाराच्या जरा बाहेर. येणाऱ्या गाड्या बहुतेक जुन्या.

* * *

दिनेशकाकांची भाजीची व्हॅन एकदा आली तीच थरथरत. बाबांनी विचारलं, "इंजिनाचा पिवळा दिवा कधीपासून लागतोय?"

"दिवा न्हाय लागत सुरेश. देवाशपथ!"

बाबा आत वाकले. मीटरच्या काचेवर एक मोठी मरून टिकली चिकटवलेली होती. त्यांनी ती नखाने काढली. खाली दिवा जळतच होता.

काका हळूच म्हणाले, "ही शेजारी बसते ना. दिवा बघून सारखी घाबरायची."

* * *

कोड वाचायला बाबांनी छोटं यंत्र घेतलंय. स्टीअरिंगखाली खोचायचं, की मोबाइलवर इंग्रजीत कोड येतो. तो वाचायचं काम माझं.

एका नारळ-सुपारीच्या बागवाल्यांच्या गाडीला हवेच्या सेन्सरचा कोड आला. ते म्हणाले, "नवा टाक."

बाबा म्हणाले, "मशीन कुठं दुखतंय ते सांगतं. का दुखतंय ते न्हाय सांगत."

एअर फिल्टरचा डबा उघडला, तर आत काथ्याचं घरटं आणि उंदराची चार गुलाबी पिल्लं.

बागवाले बघतच राहिले. "माझाच काथ्या, माझीच गाडी! आणि मला विचारलंसुद्धा न्हाय!"

* * *

पण बाबांचं नाव झालं ते कोडमुळे नाही, कानामुळे. त्यांच्याकडे हातभर रबरी पाइप आहे. एक टोक कानाला लावायचं, दुसरं चालू इंजिनावरून फिरवायचं. 'सुरेशचा कान' ऐकून आगरदांड्याहून फेरीबोटीत गाड्या घालून लोक येतात.

गेल्या वर्षी बाबांनी तो पाइप उजव्या कानाऐवजी डाव्या कानाला लावायला सुरुवात केली. मग एक दिवस त्यांनी चालू इंजिनावर पाण्याचा ग्लास ठेवला आणि पाणी कसं हलतं ते बघू लागले.

"काय सुरेश, इंजिनाला तहान लागली काय!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, बाबाही हसले.

मला हसू आलं नाही. बाबांच्या खिशातला फोन वाजत होता आणि ते हसतच होते.

* * *

त्यानंतर मी बॉनेटजवळ उभी राहू लागले. इंजिन जसं चालेल तशी माझी बोटं मडगार्डवर वाजतात. इंजिनाने ठोका चुकवला की बोट थांबतं. बाबा पाइप कानाला लावतात आणि माझ्या बोटांकडे बघतात. मग म्हणतात, "मिस मारतंय." लोक मान डोलावतात.

याबद्दल आम्ही दोघं कधी बोललेलो नाही. आईलाही सांगितलेलं नाही.

* * *

सरांची गाडी चौदा वर्षांची. सरांनी बाबांना शिकवलं, पुढे मलाही. पाचवीत माझ्या प्रगतिपुस्तकावर त्यांनी शेरा लिहिला होता : 'हुशार आहे. आवाज निघत नाही.' आता सर रिटायर झालेत. आठवड्यातून दोनदा ते काकूंना डायलिसिससाठी माणगावला नेतात.

गाडी हिसके देत होती. कोड आला : तिसरा सिलिंडर मिस. बाबांनी प्लग बदलला. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्याला लावून बघितली. हिसके जरा कमी झाले, तरी माझं बोट मधूनच थांबत होतं. शिवाय मला एक बारीक 'स्सस' ऐकू येत होतं. ते बोटाने कसं सांगायचं? आजूबाजूला चारजण उभे होते. मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी म्हसळ्याच्या पुढे चढावर गाडी बंद पडली. काकूंना कुणाच्या तरी टेंपोत बसून जावं लागलं.

परत आल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "मशीनवर दीड तास कमी मिळाला रे. चालायचंच." त्यांचे पाय चपलेत मावत नव्हते.

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. मीही नाही.

* * *

पुढच्या डायलिसिसच्या दिवशी सकाळीच गाडी गॅरेजात होती. मी शाळेत गेले नव्हते. दुपारी एकला माणगावला पोचायचं होतं. काकू पिशवी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसल्या होत्या. सर घड्याळ बघत होते. दिनेशकाका आणि आणखी दोघंतिघं होतेच.

कोड तोच. बाबांनी पाइप डाव्या कानाला लावला. मग उजव्या. परत डाव्या. बराच वेळ गेला.

मग त्यांनी पाइपाचं टोक शर्टाला पुसलं आणि माझ्या कानाला लावलं.

"माझे कान गेलेत," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "तू ऐक."



मान खाली घालून बाबा पाइपाचं दुसरं टोक इंजिनावरून सावकाश फिरवू लागले. ठक, ठक, ठक. आणि मग 'स्सस'. माझं बोट मडगार्डवर थांबलं. पण बाबांचं लक्ष पाइपाच्या टोकाकडे होतं. टोक पुढे सरकलं.

"बाबा," मी म्हणाले. टोक आणखी पुढे गेलं.

"बाबा, थांबा! मागे घ्या! तिसऱ्याच्या पॅकिंगमधून हवा खेचतंय!"

रस्त्यापलीकडचा चहावालासुद्धा वळून बघायला लागला.

बाबांनी पाइप मागे घेतला. मी "तिथेच!" म्हणाले त्या फटीवर त्यांनी गळती तपासायचा स्प्रे मारला. इंजिनाचा आवाज एकदम बदलला, थरथर थांबली. काकूंनी काच खाली केली.

सर घड्याळ विसरून माझ्याकडे बघत होते. बाबांजवळ येऊन त्यांनी मोठ्याने विचारलं, "सुरेश, आत्ता ओरडली ती आपली मुक्ता?"

बाबा पाना शोधत होते. मान वर न करता म्हणाले,

"व्हय सर. मलासुद्धा ऐकू आलं."