ताईच्या नावाची ओळ

पूल ओलांडून आम्ही कारखान्याच्या लांबलचक भिंतीच्या कडेला लागलो, तरी भावोजी चालतच होते. घराकडे जाणारी बस शेजारून गेली. त्यांनी हात दाखवला नाही, मग मीही दाखवला नाही. खांद्यावरची बॅग त्यांनी पोटाशी धरली होती, आत झोपलेलं मूल असावं तशी. बॅगेत ताईचा फोन होता.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताई, ते आणि मी, तिघंही एकाच कंपनीत, एकाच टीममध्ये. दवाखान्यांना लागणारं सॉफ्टवेअर आमची कंपनी करते. ते दोघं प्रोग्रॅम लिहायचे आणि तो कुठे मोडतो ते मी शोधायची. "आम्ही रांधायचं आणि हिने नावं ठेवायची," असं ताई म्हणायची. नोकरीलाही मला तिनेच लावलं. गेल्या वर्षी ती गेली. आजार कळला तेव्हाच उशीर झालेला होता. देवाला विचारण्यासारखं पुष्कळ आहे, पण हात जोडते तेव्हा मी काही विचारत नाही. तिचं नाव तेवढं घेते.

भावोजी पहिल्यापासून टापटिपीचे. घरातल्या प्रत्येक डब्यावर त्यांची चिठ्ठी असते, आत काय आहे आणि कधी भरलं. ताई म्हणायची, "एक दिवस माझ्या कपाळावरही चिकटवतील. काम काय, कटकट. चालते कशावर, चहावर." यावर भावोजी चेहऱ्यावरची रेष हलू न देता म्हणायचे, "तारीख घालायची राहिली."

आमच्या टीमचा कॅटलॉग याच स्वभावातून निघाला. आमचं सॉफ्टवेअर म्हणजे एक मोठं यंत्र नव्हे, लहान लहान सर्व्हिसेस आहेत. एक पेशंटची नोंद ठेवते, एक रिपोर्ट पाठवते, एक औषधांचा साठा बघते. ज्याने जी लिहिली तिची माहिती त्याच्याच डोक्यात. माणूस नोकरी सोडून गेला की सर्व्हिस पोरकी. अशीच एक पोरकी सर्व्हिस मागे भलत्याचे रिपोर्ट भलत्याला पाठवत सुटली आणि विचारायचं कुणाला तेच कळेना. सगळे एकमेकांकडे बोट दाखवत बसले.

तेव्हा भावोजींनी एक साधा तक्ता मांडला, तोच हा कॅटलॉग. सर्व्हिसचं नाव, ती काय करते, ती बंद पडली तर आणखी काय अडतं, सांभाळणारा कोण आणि त्याचा फोन नंबर. सुरुवातीला कुणी दाद देईना. भावोजी चहाचा कप घेऊन ज्याच्या त्याच्या टेबलाशी जाऊन बसायचे आणि गोडीगुलाबीने माहिती काढायचे. एकाने तर विचारलं, स्थळं बघताय की काय. पहिली ओळ ताईने भरून दिली, नवऱ्याचा पडेल चेहरा बघून. नियमही भावोजींनीच घातला. जिच्या ओळीत हाकेला ओ देणारं माणूस नाही, ती सर्व्हिस बंद करायची.

ताई गेल्यावर तिच्या बाकीच्या सर्व्हिसेस त्यांनी वाटून दिल्या. ती पहिली ओळ तेवढी तशीच राहिली, तिच्या नावाची, तिच्या नंबरची. त्या सर्व्हिसचं काम लहानसं. तपासणीच्या आदल्या दिवशी पेशंटला मेसेज जातो, "उद्या तुमची तपासणी आहे. एकटे येऊ नका, सोबत कुणाला तरी आणा." दुसरं वाक्य कुणी सांगितलेलं नव्हतं, ते ताईने आपल्या मनाने घातलं. पुढे तिची स्वतःची पहिली तपासणी आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दवाखान्यातच झाली. म्हणजे हा मेसेज तिलाही आला असणार. तरी ती एकटीच गेली, दाताचं काम आहे म्हणून सांगून.

आज दुपारी कॅटलॉग सगळ्यांसाठी खुला झाला. मीटिंगच्या खोलीत पडद्यावर तो तक्ता लावला होता. भावोजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मॅडम, म्हणजे आमच्या टीमच्या प्रमुख, म्हणाल्या की नुसतं बघून काय कळणार, कुणीतरी एखादी ओळ निवडा आणि सांभाळणाऱ्याला फोन लावून बघा. नव्याने रुजू झालेल्या एका बाईंनी पहिलीच ओळ निवडली. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. त्यांनी नंबर लावला आणि भावोजींच्या बॅगेत फोन वाजायला लागला.

तो फोन ते रोज चार्ज करून जवळ ठेवतात, हे मला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. भावोजी खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळले. मीटिंगला ताई तिथे बसायची. अगदी रोजच्या आवाजात ते म्हणाले, "अगं, तुझा फोन वाजतोय."

खुर्ची रिकामी होती. त्या बाई फोन कानाला लावून तशाच उभ्या राहिल्या. शेवटी मी उठले आणि बॅगेतून फोन काढून बंद केला.

मॅडम मनाने वाईट नाहीत. सगळे गेल्यावर त्यांनी आम्हा दोघांना थांबवून घेतलं. आवाज उतरवून म्हणाल्या, उद्यापर्यंत तिथे नाव बदला, नाहीतर तुमच्याच नियमाने ती सर्व्हिस मला बंद करावी लागेल. भावोजी बरं म्हणाले आणि चालायला लागले, ते थेट या भिंतीपर्यंत.

भिंत संपते तिथे एक बाकडं आहे. भावोजी त्यावर बसले. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. मी शेजारी बसले. म्हटलं, तुमचंच नाव घाला की, ती सर्व्हिस तुमच्याइतकी कुणाला माहीत आहे.

"माझ्या नावाचा काय उपयोग," ते म्हणाले. "आज बघितलंस ना. फोन वाजला की मी ओ देत नाही, तिला हाक मारतो."

समोरून एक बाई म्हाताऱ्या वडिलांचा हात धरून रस्ता ओलांडत होती. ती दोघं पलीकडे पोचेपर्यंत आम्ही बघत राहिलो.

मग मी म्हटलं, ती मी सांभाळली असती, पण मला मोडायचं तेवढं येतं, बंद पडलेलं चालू कसं करतात ते कुठे येतं.

"मी शिकवीन. तुझ्या ताईलाही मीच शिकवलं होतं. दोन दिवसांत माझ्याच चुका काढायला लागली."

आता ते हसले. मग ते बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले. नंतर त्यांनी बॅग उघडून फोन बाहेर काढला. चार्जरची वायर त्याच्याभोवती नीट गुंडाळलेली होती. ती त्यांनी एकदा चाचपून बघितली आणि सगळं माझ्या मांडीवर ठेवलं.

"नाव तुझं घाल, धाकटे. पुसायचं तेही तूच पूस, माझा हात तिथे जात नाही. नंबर मात्र तोच राहू दे. आणि वाजला की तू उचल."