सिरोंचा शाखेचा डावा हात

‘आबाजी, तुमची शाखा डावा हात का देते?’ हे मेलेल्या माणसाला विचारून दाखवायचं, अशी पैज मैत्रिणींनी रेवतीशी लावली आहे.

“आबाजी स्वप्नात आले की ततपप होईल तुझं!”

“बघाच तुम्ही,” रेवती म्हणाली होती.

त्याचं असं आहे, की बंधुमंडळ ही संस्था मूळ नागपूरची. सभासद भेटले की तळव्यात वेलदोडा ठेवून हात मिळवतात. सगळीकडे उजवा, फक्त सिरोंच्यात डावा. रेवतीच्या आजोबांनी, आबाजींनी काढलेली ही शाखा आता बाबा सांभाळतात आणि आज संध्याकाळच्या सभेत तेच ती बंद करणार आहेत. उरलेले चार म्हातारे नागपूर शाखेत जातील.

रविवारची दुपार. रेवतीच्या अंगावर जेवण आलंय. पंख्याची घरघर लांब जाते, आणखी लांब जाते, आणि एसटीची होते. शेजारच्या सीटवर आबाजी बसलेत, टोपी मांडीवर. जाऊन दोन वर्षं झाली, पण सदऱ्याची इस्त्री मोडलेली नाही.

रेवती फटकन विचारून टाकते.

“नागपूरला एकदाच गेलो गं,” आबाजी म्हणतात. “समोरच्याने उजवा पुढे केला. मी आरशात बघितल्यासारखा त्याच बाजूचा, म्हणजे माझा डावा केला. परत येऊन सगळ्यांना तसंच शिकवलं.”

“आणि कुणी सुधारलं नाही?”

“सुधारायला कुणी यायला नको? पाहुणा निघायचा, आलापल्लीपर्यंत यायचा, रस्ता बघून परत जायचा.”

खिडकीबाहेर प्राणहिता नदी आहे. मग खिडकी नाही, नुसती वाळू आहे, आणि वाळूत शाखेच्या खुर्च्या मांडल्यात. सगळ्या रिकाम्या.

“म्हणजे चुकलंच की आपलं!”

“चुकलं. बिल्ले, नियम, सगळं टपालाने आलं. हे तेवढं आमचं.”

रेवती खुर्च्यांकडे बघते. “मुलींना घेऊ नये, असा नियम आहे?”

“असेल. पुरात टपाल अडकायचं. आमच्यापर्यंत पोचला नाही.”

आबाजी हात पुढे करतात. डावा. नदीतल्या गोट्यासारखा गार.

पंखा घरघरतोय. रेवतीची डावी मूठ घट्ट मिटलेली आहे. ती उघडते. आत हिरवा वेलदोडा.

बाहेर बाबा सभेला निघालेत, चपला शोधतायत. आई चहा गाळतेय.

“शाखा बंद करायची नाही,” रेवती जाहीर करते. “मी सभासद होतेय.”

“झोप उतरली नाही वाटतं बाईसाहेबांची,” आई म्हणते.

“मुलींना घेत नाहीत गं. नियम आहे,” बाबा म्हणतात.

“तो आपल्यापर्यंत पोचलेला नाही, बाबा.”

आणि ती डावा हात पुढे करते.