तांत्रिक म्हणजे काय?

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही — एवढं कारण पुरे.

नवेगाव बांधजवळच्या एका शाळेत मी मराठी शिकवायची. दिवस छान होते हो! हिवाळ्यात तलावावर पाहुणे पक्षी उतरले की अर्धा वर्ग खिडकीबाहेर — आणि खरं सांगू, मीसुद्धा. दहावीच्या मुलांना ‘पुढे काय’ ते सांगायचं कामही माझ्याकडेच होतं. कोण व्हायचंय विचारलं की पोरं पोलीस म्हणायची, पोरी नर्स.

प्रमिला मात्र वेगळी. तिचे वडील तलावात मासे धरायचे. शाळेची विजेची घंटा बिघडली की शिपाई तिलाच वर्गातून हाक मारायचा. स्टुलावर चढून, दातांनी वायर सोलून ती घंटा वाजती करायची. तिला गोंदियाला आयटीआयला जायचं होतं. मला ती फार आवडायची — हे आत्ताच सांगते, पुढचं वाचल्यावर तुम्हाला पटणार नाही.

त्या वर्षी कलचाचणी झाली. कोणाचा ओढा कशाकडे, ते कागदावर छापून यायचं. प्रमिलाच्या कागदावर आलं — तांत्रिक.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील एकटेच आले. व्हरांड्यातल्या बाकाच्या अगदी टोकाला बसले. कागदाची घडी उलगडून माझ्यापुढे धरली.

“मॅडमजी, हे तांत्रिक मंजे... जादूटोना का? माह्यी पोरगी त्यातली आहे का?”

मला हसू आलं. येणारच की! एका वाक्याचं तर काम होतं — अहो, तांत्रिक म्हणजे मशीनचं. मी तोंड उघडलंही होतं.

पण — इथे माझा हात अडतो. शाळेला जोडून आमची अकरावी होती, नुसत्या कला शाखेची. पट भरत नव्हता. तुकडी तुटली असती तर मी ‘अतिरिक्त’ ठरले असते, आणि मग कुठल्या तालुक्यात फेकतील त्याचा नेम नाही. घर सुटलं असतं, तो तलाव सुटला असता. मी भ्याले. भित्रेपणाला बरं दिसेल असं दुसरं नाव आहे का? मी पुष्कळ शोधलं.

“घाबरू नका,” मी म्हटलं, “तिला आमच्याकडे कलेला घाला.” बस्स. त्या शब्दाचा अर्थ सांगितलाच नाही. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि गेले.

प्रमिला अकरावीला आली. तुकडी टिकली. मी कविता शिकवायची आणि ती कुरकुरणाऱ्या पंख्याकडे बघत बसायची. बी.ए. झाली, लग्न होऊन दरेकशाकडे गेली. आता धान रोवते, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडते. गावातला बिघडलेला पंप तिच्याच हाताने सुरू होतो म्हणे. पण हातात आयटीआयचा कागद नाही, म्हणून नोकरी नाही.

मागच्या महिन्यात ती माझ्या घरी आली. वडील वारल्याचं सांगितलं, डोळे पुसले. मग आठवणी निघाल्या आणि हसायलाच लागली.

“मॅडम, बाबाले तांत्रिक मंजे जादूटोना वाटे! मी लाख सांगलं, मशीनचं आहे मनून. त मने, मॅडमले इचारलं ना मी, तसं असतं त त्या बोलल्या नसत्या का? खरंच इचारलं होतं का वो त्यायनं?”

तिच्या चेहऱ्यावर नुसती थट्टा होती. माझ्यावर संशय? औषधालाही नाही. सांगायची वेळ हीच होती, नाही का? माझी नोकरी संपली होती, तुकडीचं भय संपलं होतं. आता कुणाला भ्यायचं होतं?

“नाही गं,” मी म्हटलं. “मला नव्हतं विचारलं.”

“वाटलंच मले! लाजला असन बाबा. माह्यापाशी खोटंच बोलला.”

ती खळखळून हसली. मीही हसले. चहा टाकला, तिला दोन बिस्किटं जास्तच दिली.

तिचे वडील खोटं बोलले नव्हते. त्यांनी मला विचारलं होतं.