बुडापेस्टच्या पुलावरचा नारळ

सोनेरी कागद लावलेला नारळ पाहिला की मला बुडापेस्टचा पूल आठवतो. पनवेलजवळची करंजाडेची आमची जमीन विकल्यावर दादाने आईला आणि मला युरोप दाखवायला नेलं होतं. पुलाखालून डॅन्यूब वाहत होती, गार वारा अंगाला झोंबत होता. आईने पिशवीतून पनवेलहून आणलेला तसाच सोनेरी नारळ काढला. “आज नारली पुनव हाय. दर्या नाय तं नदी तरी हाय.” दादाने तो हिसकावला. “लोक बघतायत!” नारळ कचऱ्याच्या डब्यात आपटला. “म्हातारीचं डोकं सरकलंय,” तो टूरमधल्या मंडळींना म्हणाला. सगळे हसले, तशी आईही कसनुसं हसली. आता ती नाही. आज दादाने तिच्या नावाने खाडीत नारळ सोडला, आणि हात जोडलेले ठेवूनच मला म्हणाला, “फोटो नीट काढ, लोकांना दिसला पाहिजे.”