पालथं कार्ड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुख्याध्यापिकांना नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या मुलीच्या आईला तर नाहीच. तुम्ही माझे कुणी नाही, म्हणून तुमच्यापाशी जीभ सैल होतेय का? असेल. पण गोष्ट आनंदाची आहे, हे आधीच सांगून ठेवते. फक्त त्या आनंदातला माझा वाटा मी मिरवला तेवढा नाही.

सीवूड्सला आमची विशेष मुलांची शाळा आहे. माझ्या वर्गातली बरीच मुलं बोलत नाहीत. चित्रांची कार्डं हातात देऊन सांगतात. पाणी हवं — पेल्याचं कार्ड. झोका हवा — झोक्याचं. प्रत्येकाची गळ्यात अडकवायची आपली फाईल, तिच्यात वेल्क्रोनं चिकटवलेली कार्डं. ती लावून ठेवणं हे माझं लाडकं काम. खाण्याची पिवळी, कामांची हिरवी, माणसांची निळी — एखादं वाकडं दिसलं तरी मला चैन पडत नाही. आणि वर्गाचा नियम एकच: मुलानं कार्ड हातात दिलं की ऐकायचं. लगेच. हा नियम मीच भिंतीवर लावलाय, मोठ्या अक्षरात.

माझ्या वर्गातली तन्वी तेव्हा आठेक वर्षांची होती. वडील वाशीच्या बाजारात माथाडी. आई साताऱ्याकडची, मोकळ्या गळ्याची, तुर्भ्याहून रोज बसनं सोडायला यायची. तन्वीचं आवडतं कार्ड ‘नको’चं, लाल फुलीचं. मणी ओवायला नको, प्रार्थना नको, चप्पल नको. दिवसभर माझ्या तळहातावर ती फुली! वैतागायचे मी — पण ऐकायचे.

मग स्नेहसंमेलन आलं. मुलं फुलं होणार होती, डोक्यावर तारेचे मुकुट. तन्वीच्या डोक्यावर मुकुट चढला की माझ्या हातात फुली. प्रत्येक तालमीला. बाहेरचे पाहुणे येणार होते, आणि मला माझा वर्ग कसा — टापटीप दिसायला हवा होता. कार्डांसारखा.

आता सांगायलाच हवं, नाही का?

मी ते कार्ड काढून घेतलं. लपवलं — कपाटात, लॅमिनेशनच्या कागदांखाली. आमच्या मदतनीस मंदाताईंना म्हटलं, हरवलं असेल, नवीन करते. केलं नाही.

कार्यक्रमात तन्वी गपगुमान उभी राहिली. मी विंगेतून बघत होते. फाईल तिच्या गळ्यात होती, आणि तिचं बोट त्या रिकाम्या वेल्क्रोवर खरवडत होतं — सारखं खरवडत होतं. टाळ्या पडल्या. मुकुट काढला तर तार कपाळात रुतलेली, रक्ताचा ठिपका. म्हणजे ती इतके दिवस हेच सांगत होती? आणि मी काय केलं? ठिपका पुसला, वर पावडर लावली, आणि मुलगी आईच्या हवाली केली.

आई डोळे पुसत म्हणाली, “म्याडम, पोरगी लई शहानी झाली ओ. आता कशालाच नको म्हनत न्हाय.”

मी हसले. हो — हसले.

त्यानंतर तन्वीनं फाईलला हातच लावला नाही. पाणीसुद्धा मागितलं नाही. मी कपाटापाशी जायचे, आणि परत फिरायचे. कार्ड परत लावलं तर ‘सापडलं कुठे’ हे सांगावं लागेल, एवढीशी भीती! त्या एवढ्याशा भीतीपायी मी एका मुलीचा नकार कुलुपात ठेवला.

आणि मग तो उपम्याचा दिवस. मंदाताईंनी डबा उघडला. तन्वी उठली, फाईलमधून उपम्याचं कार्ड काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. पालथं. चित्र खाली, कोरी बाजू वर. मंदाताईंनी सुलटं केलं. तिनं परत पालथं केलं, आणि वरून हातानं दाबलं. मंदाताई माझ्याकडे बघायला लागल्या — आणि मला उलगडलं. उपमा नको! अहो, मी एक फुली लपवली होती. या पोरीनं फाईलमधल्या प्रत्येक कार्डाची फुली करून टाकली!

मी रडले, नाचायचीच बाकी राहिले. पुढचे दिवस तर काय सांगू — झोका पालथा, प्रार्थना पालथी, आणि सगळ्यात जास्त वेळा पालथं माझ्या फोटोचं निळं कार्ड. महिनाभरात वर्गातली बाकीची पोरंही कार्डं पालथी द्यायला लागली. शिकवलं कुणी? तिनंच. आई तर शाळेच्या गेटातूनच ओरडत आली, “म्याडम, काल वांगं केलं, त्याचं चित्र न्हवतं — तर पोरीनं ताटलीच पालथी घातली की!”

मुख्याध्यापिकांनी विचारलं, कल्पना कुणाची? मी म्हटलं, “सुचली.” कुणाला सुचली, ते सांगितलं नाही. पुढे शिक्षकांच्या शिबिरात मी ती माझी पद्धत म्हणून मांडली. ऐरोलीच्या एका शाळेत ती माझ्या नावानं ओळखतात. शाल मिळाली. मी ती घेतली, घडी घालून ठेवली.

तन्वी आता मोठ्या मुलांच्या वर्गात आहे. नव्या मुलांच्या फायली लावायला मी तिलाच बोलावते. तिचा हात माझ्यापेक्षा नेटका आहे. आज कार्डं मांडताना मी कपाट उघडलं, ती जुनी लाल फुली काढली आणि तिच्यासमोर ठेवली. पुढे काय बोलणार होते मी? काही ठरवलं नव्हतं.

तिनं ते कार्ड उचललं. ओळखलं — बोट एकदा फुलीवरून फिरलं. मग शांतपणे ते उलटं केलं, माझ्या तळहातावर पालथं ठेवलं, आणि वरून दाबलं.

आणि परत पिवळी कार्डं लावायला लागली.

मी हात मिटला. मुलानं कार्ड हातात दिलं की ऐकायचं.